डालग्याखालचा भोवरा

लढाई नुकतीच संपली होती, तेव्हाची गोष्ट. मी जामखेडला मास्तर, शास्त्र शिकवतो. पिंपळावरच्या मुंजापासून माळावरच्या चकव्यापर्यंत सगळ्यांना मी वर्गात फळ्यापुढे उभं करून निकालात काढलेलं आहे. तेव्हा ही हकिगत मीच सांगतोय, याचं माझं मलाच हसू येतं… पण घडलं ते घडलं.

आमचा वसंता मॅट्रिक होऊन कॉलेजसाठी पुण्याला निघाला होता. जाण्याचा आदला दिवस. गेलं वर्षभर त्याचं माझ्याशी बोलणं म्हणजे 'हं' आणि 'बघू'. त्याची धाकटी बहीण कुसुम चौदाची, तिला तर 'हं' म्हणायचाही कंटाळा. जाण्याआधी पोराने एकदा तरी आपल्याकडे कौतुकाने बघावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून पेटीच्या तळातून माझा लहानपणचा बाभळीचा भोवरा काढला. आमच्या खेळात हरलेल्याच्या भोवऱ्यावर बाकीचे आपापल्या भोवऱ्याच्या आरेने, म्हणजे टोकाच्या खिळ्याने, घाव घालीत. माझ्या भोवऱ्यावर घाव बरेच आहेत, पण ते असू द्या.

दोघं उंबऱ्यात येऊन बसली. पहिल्या फेकीला भोवरा तुळशीवृंदावनावर आपटला. दुसऱ्या फेकीला सौ. गोळा करत होती त्या कुरडयांत. खेळायचं वय पोराचं की तुमचं, असं तिने विचारलंच. वसंताने जांभई दिली.

तिसऱ्यांदा जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, नीट आवळून गुंडाळली आणि फेकला. असा फिरला म्हणता! एका जागी उभा, डुलणं नाही, नुसता घूंऽऽ आवाज.

"बघा!" मी म्हणालो.

"हं," वसंता म्हणाला.

चहा झाला, भोवरा फिरतोच आहे. वसंताची वळकटी बांधून झाली — तरी फिरतोच. मला घाम फुटला. घर्षणाचे नियम मनात म्हणून पाहिले. रामरक्षाही म्हटली, खोटं कशाला बोलू! आमच्या खेळाचा एक कायदा होता: फिरता भोवरा त्याच्या धन्यानेच उचलायचा, परक्याचा हात लागला की तो मरतो. धनी मीच, पण हात लावायची छाती होईना.

शेजारचा सखाराम दूध घालायला आला, तो दारातच थबकला. "मास्तर, लई घुमतंय वो हे. पर वाट अडवून बसलंय, आमी आत यावं कसं?"

शेवटी त्यानेच आपल्या घरून कोंबड्या झाकायचं डालगं आणून त्यावर पालथं घातलं. कोंबड्यांचं डालगं, तेही तुळशीसमोर! सौ.ने कपाळाला हात लावला. जेवतानाही अंगणातला आवाज ऐकू येत होता. तुम्हाला यात काहीच विचित्र वाटत नाही का, असं मी पोरांना विचारलं.

"अण्णा, आमटी वाढू?" कुसुम म्हणाली.

सकाळी अंगण शांत. डालगं उचललं तर खाली मातीत आरेने पाडलेलं भोक, भोवरा नाही. मला फार वाईट वाटलं. भोवरा गेला आणि पोरगाही चाललाच होता.

मोटारीच्या अड्ड्यावर वसंता पाया पडला आणि आत जाऊन बसला. मोटार काही सुरू होईना, ड्रायव्हर पुढे हँडल मारत होता. तेवढ्यात खिडकीतून वसंताचा हात बाहेर आला. बघत होता भलतीकडेच.

"अण्णा, जाळी द्या ना."

जाळी माझ्या खिशातच होती. ती त्याच्या हातावर ठेवताना मला ऐकू आलं… त्याच्या कोटाचा खिसा घुमत होता. शेजारचा उतारू दचकून सरकून बसला. मोटार सुरू झाली आणि वसंता गेला. मी मात्र धूळ खाली बसेपर्यंत तिथेच हसत उभा होतो आणि डोळे पुसत होतो.

भोवरा का थांबला नाही, हे मी फळ्यावर मांडून पाहिलं, पण जमलं नाही. दिवाळीला वसंता घरी आला तेव्हा, न थांबवता तो उचललास तरी कसा, म्हणून त्याला विचारलं.

"हं," म्हणाला, आणि खिशातून भोवरा काढून माझ्या तळहातावर ठेवला. भोवरा गरम होता.