दारावरच्या वहीतली सही

नाव : मिसेस हॅरल्ड ब्रॅमहॉल. वय : पंचेचाळीस. प्रवर्ग : सहसदस्य (महिला), पतीच्या सदस्यत्वास जोडून. परवानगी : बसणे, पिणे, बिंगो खेळणे. परवानगी नाही : मतदान, स्नूकरचे टेबल, दारावरच्या वहीत पाहुण्यासाठी सही. शेरा : स्वयंपाकघरात मदत करतात.

ही मदत म्हणजे दर शुक्रवारी दोनशे माणसांचे वाटाणे शिजवणं. यॉर्कशरमधल्या त्या खाणगावाच्या कामगार क्लबात एल्सी ब्रॅमहॉल ते वीस वर्षं करत होती. त्यासाठी ती मागच्या दारानं यायची. मागच्या दाराला वही नव्हती.

१९७१च्या एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला पुढच्या दारात आवाज चढले म्हणून ती हात पुसत बाहेर आली. बिस्किटांच्या कारखान्यातली ग्लेनिस रॉथवेल उंबऱ्याबाहेर उभी होती. तिच्या बँडमधली तिन्ही मुलं आत स्टेजवर तारा जोडत होती.

"यादीत तीन मुलगे लिहिलेत," दारावरचा आर्नॉल्ड म्हणाला. "मुलगी लिहिलेली नाही."

"अहो, गाणार मी आहे."

"असशील. मग कुणा सदस्याची सही आण."

बारपाशी पाच-सहा सदस्य होते. ग्लेनिसनं दारातूनच त्यांना विचारलं. प्रत्येकाला आपापल्या ग्लासात काहीतरी पाहण्यासारखं सापडलं.

"पोरी, मागनं ये," एल्सी हळूच म्हणाली. "स्वयंपाकघरातून थेट स्टेजमागे निघशील."

"नाही, एल्सीमावशी. मागच्या दारानं बटाटे येतात."

एवढं बोलून तिनं जीभ चावली, कारण एल्सी कुठून येते हे गावाला ठाऊक होतं. एल्सी रागावली नाही. ती टेबलापाशी गेली, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली, पाहुण्याच्या रकान्यात ग्लेनिसचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं : एच. ब्रॅमहॉल. आर्नॉल्डनं वही वाचली. सही होती; ती कुणी केली हे पाहावं, असं नियमात नव्हतं.

ग्लेनिस गायली. बिंगोसाठी तिला गाणं मध्येच थांबवावं लागलं, तसं ते सगळ्यांनाच लागायचं. तो अर्धा तास तिनं स्वयंपाकघरात वाटाण्यांच्या पातेल्याशेजारी बसून पावाच्या वेष्टनावर काहीतरी खरडण्यात घालवला.

मंगळवारी समितीनं एल्सीला बोलावलं.

"ही सही हॅरल्डची?" अध्यक्ष सगडन यांनी विचारलं.

"नाव त्यांचंच आहे."

"शुक्रवारी सहा वाजता हॅरल्ड तेराशे फूट जमिनीखाली होता. माझ्या शेजारी."

समितीतले चौघे त्याच पाळीला होते. संपूर्ण गावात सही करायला तिला जमिनीवर नसलेलाच माणूस सापडला होता.

खोट्या सहीला शिक्षा तीन महिने बंदी. पण ती सदस्यांसाठी. एल्सी पूर्ण सदस्य नसल्यामुळे तिच्यावर बंदी घालता येईना. पुष्कळ विचार करून समितीनं ती हॅरल्डवर घातली आणि त्याला बोलावून तसं सांगितलं.

"मी खाली होतो, हे तुम्हीच सांगताय ना?" हॅरल्ड म्हणाला.

"म्हणूनच. नावाकडे लक्ष ठेवायला हवं होतंस."

हॅरल्डला खाण आणि क्लब सोडून तिसरी जागाच नव्हती, आणि त्यातली बरी जागा एल्सीनं घालवली होती. घरी आल्यावर त्यानं बूट काढले.

"पोरगी गायली कशी?"

"चांगली. जरा ओरडते."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी सगडनचं नाव घाल."

पुढच्या आठवड्यात त्याची पाळी बदलली आणि संध्याकाळ मोकळी झाली. एल्सी वाटाण्यांना गेली नाही. नवरा बाहेर आणि आपण आत, हे तिला पटेना. दर शुक्रवारी दोघं कालव्याच्या कडेनं चालत पुढच्या गावापर्यंत जायची, तळलेले मासे कागदात घेऊन बाकावर बसायची. बोलायला काही विशेष नव्हतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. पाचव्या शुक्रवारी सगडन स्वतः दारात आले. बंदी उठवली आहे, म्हणाले, आणि एल्सीच्या जागी घेतलेल्या बाईला वाटाणे शिजवता येत नाहीत.

"तीन महिने म्हणजे तीन महिने," हॅरल्ड म्हणाला. "नियम आहे."

दोन वर्षांनी, ग्लेनिसनं त्या पावाच्या वेष्टनावर खरडलेलं गाणं रेडिओवर आलं. 'तुझं नाव लिही, मला आत घे', अशी विनवणी करणारी दारातली मुलगी. ती लग्नाची याचना आहे, असं मासिकांनी ठरवलं; एकानं तर त्या निष्ठुर प्रियकराचा फोटोही छापला. हॅरल्डनं चहा ढवळत अख्खं गाणं ऐकलं.

"हा निष्ठुर म्हणजे आर्नॉल्ड का?"

"असेल."

"त्याला सांगू नकोस. डोक्यात हवा जाईल."

हॅरल्ड गेला, खाणही गेली. एल्सीला कुठे दुकानात ते गाणं ऐकू आलं की स्टेज, ग्लेनिस यातलं काही आठवत नसे. कालव्याकाठचे ते तेरा शुक्रवार आठवत, आणि कागदातून बोटांना लागणारी उष्णता.

२००७ साली, ती एक्याऐंशीची असताना, क्लबाचं पत्र आलं. यापुढे महिलांस पूर्ण सदस्यत्व. मतदानाचा, स्नूकर टेबलाचा आणि पाहुण्यांसाठी सही करण्याचा अधिकार देण्यात येत आहे. एल्सी कोट घालून पुढच्या दारानं गेली. पाहुण्यांची वही चार वर्षांपूर्वी बंद केली होती. पाहुणे येत नव्हते.