गिझर कुणी बसवला होता?

जुना गिझर गळायला लागला, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वर पाहिलं, मान हलवली आणि हळहळून विचारलं, "काका, हा कुणी बसवला होता?"

माझा संशय जागा झाला. न्हावी आधीच्या न्हाव्यानं कापलेले केस असेच बघतो, डॉक्टर आधीच्या डॉक्टरची चिठ्ठीही. अशा प्रत्येक हळहळीमागे खर्च उभा असतो.

"पाइप नवे, वॉल्व्ह नवा, बसवायचे पैसे वेगळे," तो सांगत होता.

"दहा वर्षांपूर्वी तुम्हीच बसवला होता," मी म्हटलं.

तो जराही चपापला नाही. "तेव्हा मी शिकत होतो हो!"

आता त्यानंच नवा गिझर बसवलाय, पाणी कढत येतं. पण अंगावर तांब्या ओतताना माझी नजर वरच्या स्क्रूंवरच असते. त्याचं शिकून झालं का, हे विचारायचं राहूनच गेलं.