आरसेमहालाचं माप

आमच्या गाद्यांच्या दुकानाला लिंबू-मिरची कधी लागली नाही, अमावास्येलाही आम्ही ऑर्डर घेतो. तरीही हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते...

सिंहस्थाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जुन्या नाशकात, गोदाकाठापासून दोन गल्ल्या आत, एका सरदार घराण्याचा महाल आहे — नाव सांगत नाही. पेशवाईतलं बांधकाम. दिवाणखान्याला कोरीव सागवानी छत, बिलोरी झुंबरं, आणि वरच्या मजल्यावर बिनखिडकीचा लहानसा आरसेमहाल. भिंतींवर, छताला, सगळीकडे नखाएवढे आरसे आणि मधून सोनेरी वेलबुट्टी. मालकांकडे लग्न होतं. मी गाद्या-लोड शिवते, माझे मिस्टर गळालेले आरसे पुन्हा बसवतात. दोघांनाही एकाच ठिकाणी काम, मी जाम खूश!

जुन्या भिंती काटकोनात नसतात, म्हणून मी नुसत्या टेपवर विसंबत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणायची आणि गाठ मारायची. सोमवारी मारली. बुधवारी कापड कापण्याआधी पुन्हा ताणली, तर दोरी चार बोटं जास्त! वाटलं, पावसाळी हवेनं वाढली असेल. घरी भाकऱ्या थापताना लक्षात आलं — सुती दोरी ओली झाली की आखडते, वाढत नाही.

शुक्रवारी वीतभर जास्त. महालाचे राखणदार तुकारामबाबा, चांदवडकडचे, दारातून बघत होते.

"ताई, ही खोली सरदारांनी आईसाहेबांसाठी बांधली म्हणत्यात. पण जुनं मालक हितं एकट्याला बसू देत नव्हते. का, ते मला बी ठावं नाय."

आणि मिस्टर चार दिवस आत एकटेच काम करत होते!

"अहो, बाहेर या. खोली लहान होतेय."

"काहीतरीच तुझं. उलट किती मोठी वाटतेय बघ."

आरशांत मोठीच दिसणार. पण जमिनीवर आडवी पडलेली त्यांची उभं राहायची फळी... सोमवारी तिच्या दोन्ही टोकांपाशी अर्धी-अर्धी वीत जागा सुटत होती. आता ती दोन्ही भिंतींना टेकली होती. मी त्यांचा दंड धरला आणि अक्षरशः ओढत बाहेर काढलं. मी रडत होते, ते चिडले होते.

दुसऱ्या दिवशी बाबांना सोबत घेऊन रिकाम्या खोलीत दोरी ताणली. माप सोमवारचंच! ते काम आम्ही सोडलं. इंजिनिअर भाचा म्हणतो, मावशी, तुझंच माप चुकलं. मानलं असतं, पण फळीचं काय? मला आजही काही उलगडा झालेला नाही.

घाबरायचं कारण मात्र वेगळंच आहे. काम सोडलं त्या दिवशी घरी आल्यावर मिस्टर म्हणाले होते, "हातभरच काम राहिलं होतं गं." त्यानंतर मी त्यांना त्या गल्लीत पाऊल टाकू दिलेलं नाही. गेल्या दिवाळीत फराळ करता करता म्हणाले, "वीतभर राहिलंय." आणि परवा म्हणाले, "आता चार बोटं."

"अहो, पण तिथं काम करतंय कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच वेड्यासारखं विचारतेय.

"कोण म्हणजे? मीच."