खांडेनवमीला पुजलेला फिल्टर

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर शरयूताईंनी एकच हौस केली: टर्बो इंजिनाची गाडी घेतली. चालवायचे मात्र त्यांचे यजमान, भय्यासाहेब. किल्ली त्यांच्या खिशात, आणि गाडीच्या मालकीणबाई शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या.

त्यात भय्यासाहेबांनी न विचारता कंपनीचा एअर फिल्टर काढला आणि बाजारातला महागडा सुती फिल्टर बसवला. धुवायचा, तेल लावायचा, पुन्हा वापरायचा.

"बघ, कशी पळून राहिली!"

"आवाज वाढला, पळणं तेवढंच आहे. टर्बो लागेल तेवढी हवा स्वतःच ओढतो. जुना फिल्टर काय चोंदला होता?"

"तुला काय समजते इंजिनातलं?"

"गाडीसोबतचं पुस्तक मी वाचलं. तुम्ही काहून नाही वाचलं?"

सूचना वाचणं भय्यासाहेबांना कमीपणाचं वाटे. घराणं भोसल्यांच्या चाकरीतलं. खांडेनवमीला पणजोबांच्या तलवारीपासून विळीपर्यंत सगळ्यांना तेल चोळून पाटावर मांडायची रीत. यंदा फिल्टरही पाटावर आला. त्याला तेलाचे चार थेंब पुरतात. यांनी तलवारीसारखं निथळेस्तोवर पाजलं, कुंकू लावलं आणि परत बसवला.

दसऱ्याला नागपूरला, शरयूताईंच्या बहिणीकडे निघाले. शहराबाहेर नदीवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर गाडीला धाप लागली. समोर काट्यांजवळ इंजिनाचा पिवळा दिवा, मागे ट्रकांचे भोंगे.

"पेट्रोलात मिलावट असेल."

"पूल ओलांडून बाजूला घ्या आधी."

पुलापलीकडे गाडी थांबली. शरयूताईंनी बॉनेट उघडलं. फिल्टरचं तेल पुढच्या नळीत उतरलं होतं.

"हवा मोजणारा सेन्सर माखला. किती हवा आली ते आता इंजिनाला कळेना. केली ना पूजा?"

"रस्त्यावर तमाशा नको, शरयू!"

"तमाशा तर पुलावरच झाला. किल्ली द्या."

"मी नेतो हळूहळू."

"चलो, उतरा. गाडी माझी आहे."

गाडी घेतल्यापासून हे वाक्य त्या पहिल्यांदा बोलल्या. किल्ली मिळाली.

रखडत शहरात परतून गॅरेज गाठलं. सेन्सर साफ झाला. शरयूताईंनी डिकीत जपून ठेवलेला कंपनीचा फिल्टर परत बसला. दुसऱ्या दिवशी तोच पूल गाडीनं सहज ओलांडला. भय्यासाहेब खिडकीबाहेर बघत बसले. पर्स त्यांच्या मांडीवर होती.

पुढच्या खांडेनवमीला सुती फिल्टर तलवारीशेजारी पाटावर होता. दोन्ही सारखीच बिनकामाची.

"किल्ली राहिली पाटावर ठेवायची," भय्यासाहेब म्हणाले.

"ती पर्समध्ये आहे," शरयूताई म्हणाल्या. "तिथंच राहील."