बिजलीबाईची ओढणी आणि उलटा कागद

घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यावर रोज फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घालणारी बिजलीबाई आता एकटीच उरली होती. बाकीच्या सगळ्या साडीवर नाही तर गाऊनवर आल्या. गाऊन म्हणजे बिजलीबाईच्या मते गादीची खोळ. तिच्या ओढणीवर रुपयाएवढे शंभरेक आरसे होते, सगळे तिनेच टाचलेले. उन्हात ती निघाली की समोरच्याला डोळे मिटावे लागत.

नात राखीच्या घाटंजीच्या शाळेत लिओनार्दो दा विंचीवर प्रदर्शन भरलं होतं. पाचशे वर्षांपूर्वीचा हा इटलीचा चित्रकार उडायची यंत्रं काढायचा आणि वहीत सगळं उलटं लिहायचा. आरशात धरलं की सुलटं. राखीने तसाच एक उलटा कागद लिहिला होता आणि पाहुण्यांकडून तो आरशात वाचून घ्यायचं काम तिच्याकडे होतं. एक दिवस तरी साडी नेसा, म्हणून सून शीला सासूच्या मागे लागली. बिजलीबाईने ऐकलंच नाही.

घोळ झाला तो ऑटोत. राखीचा आरसा पिशवीत, पिशवी सीटवर, आणि बिजलीबाई थेट पिशवीवर बसली. कडकन आवाज आला. बांगडी असेल, असं मनाला समजावत ती शाळेपर्यंत गप्प राहिली. तिथे पिशवीतून नुसते तुकडे निघाले. राखीचं तोंड एवढंसं झालं. आयुष्यात कुणाला न भ्यालेली ती बाई तेव्हा खरंच घाबरली. पोरीचं काम आपणच मातीत घातलं होतं.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे टेबलाशी आले, एक निवृत्त इंजिनिअर. राखी रडायच्या बेतात. बिजलीबाई पुढे झाली आणि ओढणीचा काठ तिने कागदासमोर ताणला.

"वाचा साहेब, याच्यात पाहून."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, काठ चिमटीत धरला आणि ते वाकले. एका आरशात जेमतेम एक अक्षर मावे. एक लागलं की बिजलीबाई थोडी सरके, साहेब वाकल्या वाकल्या तिच्यामागे सरकत. बघ्यांनी मोबाईल काढले. शीला लाजून खांबाआड गेली. राखी मात्र आता तोंडावर हात दाबून हसत होती. कागदावर काय आहे ते एकट्या तिलाच ठाऊक होतं.

पाचेक मिनिटांनी साहेबांनी सगळं जोडून मोठ्याने वाचलं, "आरशाला हात लावू नये."

"मंग सोडा नं ओढणी," बिजलीबाई म्हणाली.