आप्पांचं निर्णायक मत

कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मुलगा झाला, अगदी कोणी वारलं असं सांगत माणूस दारात आला, तरी आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तू पाह्यलं का?" आमच्या महाल भागातल्या लोकांनी याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडून दिलं होतं.

आप्पा आमच्या विज्ञानाच्या मासिकाचे संपादक. मी सीताबर्डीच्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की त्यांच्या हाताखाली मासिकाचं काम करायची. लिहायला बसले की आप्पांची मराठी धुतल्या तांदळासारखी. बोलायला लागले की त्यांचं गाव, रामटेक, बाहेर येई.

करून पाहिल्याशिवाय काही छापायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा कळमेश्वरकडच्या एका मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, लेख पाठवला, की दुधात तांब्याचं नाणं टाकलं तर उन्हाळ्यातही दूध नासत नाही. आप्पांनी भर वैशाखात घरातल्या सगळ्या दुधात नाणी टाकली. आठवडाभर त्या घरात चहा झाला नाही. काकू वैतागून म्हणाल्या, "अवो, एखाद्या वाटीत करून पाहा ना!" आप्पा म्हणाले, "त्यानं वाटी लिहिली नाही." लेख परत गेला. सोबत दही गेलं. हे मालगुजार मासिक चालवणाऱ्या आमच्या मंडळाचे सभासद होते. पुढे वर्षभर ते सभेत आप्पांकडे पाठ करून बसत.

स्तुती करणं आप्पांना जमत नसे. लेख फारच आवडला तर म्हणत, "चालते." मला असे जे थोडे 'चालते' मिळाले, ते सगळे मला अजून पाठ आहेत.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुद्रितं वाचता येईनात. नवा संपादक नेमणं आलं. खुर्ची मलाच मिळणार, असं मी धरून चालले होते. का धरू नये? निम्मं मासिक मीच काढत होते! पण मंडळातल्या काहींना संपादकाच्या खुर्चीवर लुगडं नको होतं. त्यांनी कॉलेजातल्या नव्या प्राध्यापकांचं नाव पुढे केलं. हे गृहस्थ विलायतेहून आलेले, कचेरीत बुटांसकट शिरायचे आणि गडगडाटी हसायचे. आप्पांना ते डोळ्यांसमोर नको असत.

आप्पांनी तोड काढली. दोघांनी एकाच विषयावर लेख लिहायचा. संत्र्याची साल दिव्यापाशी दाबली की ज्योत फुरफुरते, ती का? हा आमच्या गावात पोरासोरांचा खेळ. लेख छापखान्यात जुळवून घ्यायचे, म्हणजे अक्षर कळणार नाही. नावं काढायची आणि मंडळानं मत द्यायचं. मला वाटलं, वा! आप्पांनी माझ्यासाठी रस्ता साफ केला.

सभासदांची मतं सारखी पडली. निर्णायक मत अध्यक्षांचं, म्हणजे आप्पांचं. त्यांनी दोन्ही लेख काकूंकडून वाचून घेतले होते. त्यांनी मत दिलं आणि खुर्ची प्राध्यापकांना गेली. पुढे त्यांनी मासिक उत्तम चालवलं, याचा मला आजही राग आहे.

दुसऱ्या दिवशी आप्पा काठी टेकत माझ्या दारात उभे. बसा म्हटलं तर बसेनात.

मी सरळ विचारलं, "माझा लेख कोणता, हे कळलं नाही तुम्हाला?"

"पह्यल्या ओळीत कळलं. काहून नाही कळणार? लिहायले मीच शिकवलं तुले."

"मग?"

"म्हणून दोनदा वाचून घेतला. दुसरा चांगला होता वं."

"काय चांगलं होतं त्यात?"

"आखरीले त्यानं लिहिलं, इथून पुढचं मले समजलं नाही. तुले सगळंच समजलं होतं."

आता यावर काय बोलायचं! मी खूप बोलले. इतकी वर्षं राबले, त्या बुटांना तुम्ही खुर्ची दिलीत, तुमच्या मनात तरी मी होते का, असं सगळं एका दमात बोलून घेतलं. माझा आवाज शेजारी गेला असणार.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माह्या मनात दुसरं कोणीच नव्हतं, पोरी. पण माह्या मनात काय होतं, हे लेखात कुठं लिहिलं होतं?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझा राग एकदम ओसरला. त्यांची लाज राखावी म्हणून मी म्हटलं, "मोतीबिंदू फारच वाढलेला दिसतो."

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"मोतीबिंदूनं पाणी येत नाही," ते म्हणाले. "चुकीचं सांगत नको जाऊ."