चटका न कळणारे हात

रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी आई दाराच्या चौकटीवरून तळहात फिरवायची. वरून खाली, एकदाच, डोळे मिटून. "लाकूड फुगलंय" किंवा "बरं आहे" एवढंच पुटपुटायची आणि निघायची. लेकीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करतात.

आई फर्निचरच्या कारखान्यात होती. साध्या फळीवर भारी लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवायचा, त्यावरून तापलेली इस्त्री फिरवायची आणि मग हाताने चाचपून बघायचं, कुठे हवा अडकून फुगा राहिलाय का. डोळ्यांना न दिसणारा फुगा बोटांना लागतो. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठा असलेला मालकसुद्धा.

एका दुपारी शेजारच्या टेबलावरची बाई किंचाळली, "मावशी, हात!" आईचा डावा तळहात इस्त्रीला टेकलेला होता आणि उजव्या हाताने ती निवांत पापुद्रा कापत होती. जळका वास इतरांना आधीच आला होता; ती हाक ऐकून तेव्हा कुठे आईने खाली पाहिलं.

मालक स्वतः तिला घरी सोडायला आला. दारातच लेकीला म्हणाला, "आता हिला घरी बसवा. उद्या काही भलतंसलतं झालं तर माझ्या जिवाला घोर."

"हिला म्हणजे कोणाला?" आई आतून कडाडली. "आणि मी बसते की उभी राहते, ते मला विचारा ना."

दुसऱ्या दिवशी लेक तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितलं आणि उजव्या हाताच्या बोटांवरून कापूस फिरवला. अगदी फुंकर घातल्यासारखा फिरवला, तरी आई लगेच सांगायची, "मधलं बोट. आता करंगळी." मग त्यांनी पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एक गरम, एक थंड.

"गरम," आई ठणकावून म्हणाली. "आता थंड. हे परत गरम."

"मावशी, मघापासून मी थंडच लावतेय."

लेकीला उमगलं, आई अंदाजपंचे ठोकत होती.

"मग तुमचं थंड पाणी पुरेसं थंड नसेल," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही. मग त्यांनी टाचणीची दोन्ही टोकं लावून पाहिली. टोकदार काय, बोथट काय, आईला दोन्ही सारखंच, नुसतं बोट टेकवल्यासारखं. पायांना तर तेवढंही नीट कळत नव्हतं.

"स्पर्शाची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसा जाड असतात," त्या म्हणाल्या. "चटका आणि टोचणं बरंचसं बारीक नसांमधून जातं. रक्तात वाढलेल्या साखरेने तुमच्या हातांच्या त्या बारीक नसा आधी खाल्ल्यात. जाड अजून शाबूत आहेत."

"म्हणजे लाकूड कळतं, इस्त्री कळत नाही."

"तसंच म्हणा."

"मग इस्त्री दुसरं कोणीतरी फिरवेल."

वाटेत लेक चिडली. "आई, अगं दुखतं म्हणून माणूस हात मागे घेतो. तुला ते दुखणंच उरलं नाही."

"मी बघून मागे घेईन. डोळे कशाला आहेत?"

"काल कुठे गेले होते ते डोळे?"

अडचणीत सापडली की आई भरभर चालायची. तशी ती चालली.

हाताला पट्टी असतानाच ती मालकासमोर जाऊन उभी राहिली. लेकही बरोबर गेली होती, मालकाची बाजू घ्यायला.

"हट्ट सोडा मावशी. आता आराम करा."

"आराम करून काय करू? भिंती चाचपू?" आई म्हणाली. "जे गेलं त्याचं काम मी मागत नाही. जे शिल्लक आहे त्याचं मागतेय."

"तुम्ही तरी समजवा हिला," मालक लेकीकडे वळला.

लेकीने तोंड उघडलं. पण तेवढ्यात तिला दिसलं, की बोलता बोलता आईचा धड हात शेजारच्या फळीवर गेलाय आणि आपल्या नादात फिरतोय. घरी बसलेली आई लेकीच्या डोळ्यांसमोर आली. मांडीवर पडून राहिलेले दोन हात. तिलाच ते सोसवेना.

"इस्त्री तिच्यापासून लांब ठेवा," लेक म्हणाली. "तिच्या हातापायांचं मी बघते."

बघायचं म्हणजे खरोखरच बघायचं. सकाळ-संध्याकाळ दोन्ही तळहात, दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या. कुठे लाकडाची फास रुतली, कुठे फोड आला, बुटात खडा तर नाही. चपलांना डॉक्टरीणबाईंनी कायमची बंदी घातली होती. आई रोज करवादायची, "मी काय भाजी आहे, उलटसुलट करून बघायला?" एकदा अंगठ्यात खोलवर गेलेली फास निघाली.

"कधीची आहे गं ही?"

"मला काय विचारतेस? तिलाच विचार."

अशी कित्येक वर्षं आई कामावर गेली. चुकाही झाल्या. एकदा तर तिच्या बोटाचं रक्त एका चकचकीत दारावर उमटलं आणि मालकाचा पारा चढला. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याही आधी कारखान्यात हजर.

मग एका दुपारी काम करता करता ती स्टुलावर बसली, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं होतं. शेजारच्या टेबलावरची बाई शपथेवर सांगत होती, की मावशी एकदाही छातीला हात लावून कळवळली नाही. "तिथल्या नसाही गेल्या असतील," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "कळ निघाली असेल, पण तिच्यापर्यंत पोचली नसेल."

त्या सकाळी लेकीने तिचे तळपाय नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ न्याहाळले होते. टाचेला एक भेग पडल्यासारखी वाटली, म्हणून ती पुन्हा पुन्हा अंगठा फिरवून बघत होती. आईने पाय ओढून घेतला.

"झालं का बघून? बूट दे इकडे, उशीर होतोय."